टॅटिंगच्या फुलांचे केसांचे आकडे: मणी कुठे घालायचा आणि फूल कशाने धरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: रुमालाच्या कडेची टॅटिंगची, म्हणजे दोऱ्याला गाठी घालत केलेली लेस हाताला बसलेली आहे. आता नणंदेच्या लग्नात अंबाड्यात खोचायला मण्यांच्या फुलांचे डझनभर आकडे, म्हणजे दोन पायांच्या केसांच्या पिना, करायचे आहेत. पण मणी ओवले की रिंग (गाठींचं कडं, म्हणजे फुलाची एक पाकळी) बंद होत नाही, झाली तर मणी भलत्याच जागी जाऊन बसतो, आणि कसंबसं झालेलं फूल आकड्यावर चिकटवलं तर खोचताना निघून येतं किंवा मान टाकतं. शेवटी विचारलंय, "माझी गाठच चुकतेय का?"

गाठ चुकत असती तर रुमालाची लेसही झाली नसती. घोटाळा गाठीच्या आधी आहे आणि गाठीच्या नंतर आहे. आधी म्हणजे शटल (दोरा गुंडाळायचं होडीसारखं छोटं साधन) भरताना, नंतर म्हणजे फूल आकड्यावर बसवताना. मधलं टॅटिंग तुम्हाला येतंच, त्यामुळे मी या दोन टोकांवरच जास्त बोलणार आहे.

पहिली गोष्ट, रुमालाची लेस डोक्यातून काढून टाका. ती मऊ असावी लागते, बारीक दोऱ्याची असते, धुवून इस्त्री होते, आणि तिला आधाराला कापड असतं. केसांतल्या फुलाला काहीच आधार नाही. त्याला स्वतःच्या अंगानं उभं राहायचं असतं, वर मण्यांचं वजन पेलायचं असतं. म्हणून दोरा जाड घ्या. २० नंबरचा मर्सराइज्ड सुती क्रोशाचा दोरा या कामाला सगळ्यात सोयीचा. अँकरचा सहज मिळतो. ४० नंबरच्या, म्हणजे आणखी बारीक दोऱ्याचं फूल नाजूक आणि देखणं होतं, पण त्याला मागून जास्त ताठपणा द्यावा लागतो. भरतकामाचा सहा पदरी दोरा नको, तो गाठीत पदर सोडतो. रेशमी दोरा पहिल्याच मोठ्या फुलाला नको, गाठी त्यावर घसरतात. आणि सुईने टॅटिंग करत असाल तर या कामापुरतं तरी शटल हातात घ्या. सुईवरच्या गाठी थोड्या सैल पडतात, फूल लगेच लुळं होतं.

मण्यांचं माप दोऱ्यावरून ठरतं. २० नंबरच्या दोऱ्याला ११/० चे काचेचे मणी, म्हणजे साधारण २ मिलिमीटरचे. इथेही नंबर वाढला की मणी बारीक होतो: ८/० चा जवळजवळ ३ मिलिमीटरचा, १५/० चा दीडचा. बाजारात सुटे, किलोवर मिळणारे मणी स्वस्त असतात, पण त्यांतल्या एका चिमटीत तीन आकारांचे आणि दोन बुजलेल्या भोकांचे मणी निघतात. ते घ्यायचे तर ताटलीत पसरून निवडून घ्या. जपानी मणी, मियुकी किंवा तोहो, महाग पडतात, पण भोक मोठं आणि एकसारखं असतं आणि टॅटिंगमध्ये त्या भोकालाच किंमत आहे. मणी दोऱ्यावरून आपल्या वजनानं घसरला पाहिजे. ढकलावा लागत असेल तर तो मणी या दोऱ्याचा नाही. कटदाणा आणि नळीचे मणी तर टाळाच. त्यांच्या धारेनं दोरा कातरला जातो आणि ते कळतं नेमकं रिंग ओढून बंद करताना. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरला गेलात तर दोऱ्याचा तुकडा बरोबर न्या आणि दुकानातच मणी ओवून बघा. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

ओवायला बारीक सुई शोधत बसू नका. दोऱ्याच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटर फेव्हिकॉल चोळा, वाळू द्या आणि टोक तिरकं कापा. तीच तुमची सुई.

आता मुख्य भानगड. रिंग करताना डाव्या हाताभोवतीचा दोरा आणि उजव्या हातातल्या शटलचा दोरा एकच असतो, पण त्यांची कामं वेगळी असतात. डाव्या हातावरचा दोरा गाठी होतो, पिको (दोन गाठींमधे सोडलेला दोऱ्याचा छोटा फासा) होतो. शटलचा दोरा गाठींच्या पोटातून सरळ धावतो आणि शेवटी ओढून रिंग बंद करतो. म्हणून पाकळीच्या टोकाला, पिकोवर जो मणी दिसायला हवा तो डाव्या हातावरच्या वेढ्यातच असला पाहिजे. शटलच्या बाजूला राहिलेला मणी तिथे कधीच पोचत नाही, कारण वाटेत तुमच्याच गाठी उभ्या असतात. तुम्ही सगळे मणी शटलकडे ठेवून रिंग सुरू केलीत आणि पाकळीच्या टोकाशी आल्यावर तिथून एक मणी वर सरकवलात. तो पोटातल्या दोऱ्यावर, दोन गाठींच्या मधे बसला. रिंग ओढल्यावर तोच मणी आत दाबला गेला आणि रिंग अडली. "भलत्याच जागी जाऊन बसतो" ते हे.

यावर नियम एकच. प्रत्येक रिंग सुरू करण्याआधी त्या रिंगेत पिकोवर किती मणी हवेत ते मोजा, तेवढे वेढ्यात घ्या आणि हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीकडे सारून ठेवा. बाकीचे शटलकडे. मग चिमटीत दोरा धरा आणि गाठी सुरू करा. मण्याची पाळी आली की मागचा मणी बोटांवरून पुढे आणायचा, शेवटच्या गाठीला टेकवायचा आणि लगेच पुढची गाठ घालायची. मण्याच्या दोन्ही बाजूंना दोरा दिसता कामा नये, पण मणी आवळलाही जाऊ नये. ढिला राहिला तर लोंबतो, आवळला तर पाकळीला टोकाशी चुणी पडते.

चेन, म्हणजे रिंगांना जोडणारी गाठींची कमान, करताना मात्र दोरे दोन असतात, एक दोऱ्याच्या गुंडीचा आणि एक शटलचा. तिथे पिकोवरचे मणी गुंडीच्या दोऱ्यात ओवायचे. शटलच्या दोऱ्यातले मणी चेनच्या पोटात किंवा रिंग आणि चेन यांच्या सांध्यावर येतात. कुठला मणी कुठे दिसायला हवा हे कागदावर फुलाचं चित्र काढून आधी ठरवा, मगच दोरा कापा. शटल भरून झाल्यावर सुचलेल्या मण्याला जागा नसते.

एक मात्र सवलत आहे. दोन पाकळ्या जिथे जोडल्या जातात तिथला मणी ओवावा लागत नाही. अर्धा मिलिमीटरची, अगदी बारीक क्रोशाची सुई घ्या. सुईवर मणी चढवा, मागच्या पाकळीचा पिको सुईनं पकडून मण्यातून ओढून घ्या आणि मग त्या पिकोला नेहमीसारखं जोडा. जोड झाला की मणी कुठे जात नाही. हेच पाकळीच्या टोकावरच्या मोकळ्या पिकोला करता येत नाही, कारण सुई काढली की मणी निसटतो. त्यामुळे टोकाचे मणी ओवलेले आणि जोडाचे सुईनं घातलेले, अशी वाटणी केली की शटलमधली गर्दी बरीच कमी होते.

शटल भरताना सगळे मणी एका जागी घेऊ नका. आधी थोडा मोकळा दोरा गुंडाळा, मग चार-पाच वेढ्यांनंतर एक मणी, असं करत या. एका पाकळीला लागणारा दोरा सुटतो तेव्हा साधारण एक मणी आपोआप बाहेर येतो. पहिल्या पाकळीचा मणी शटलमध्ये भरूच नका, बाहेर ठेवा. प्लॅस्टिकच्या शटलची टोकं एकमेकांना टेकलेली असतात आणि दोरा सुटताना टक् टक् वाजतो. ८/० चे मणी त्यातून ओढलेत की टोकं फाकतात आणि मग शटल लोंबकळायला लागलं की दोरा सुरसुर सुटतो. मोठे मणी फक्त टिपक्यापुरते, म्हणजे फुलाच्या मधोमधच्या मण्यापुरते ठेवा, ते शटलमधून येतच नाहीत.

आता नमुना. छोटं फूल पाच पाकळ्यांचं, एका शटलवर होतं. गाठ म्हणजे दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण गाठ. शटलमध्ये दोन मीटर दोरा भरा, मधे जोड लागत नाही. मणी पाच.

पहिली पाकळी: ५ गाठी, पिको, ४ गाठी, मणी, ४ गाठी, पिको, ५ गाठी, रिंग बंद. दुसरी लगेच सुरू करायची, मधे दोरा मोकळा सोडायचा नाही: ५ गाठी, मागच्या पाकळीच्या दुसऱ्या पिकोला जोड, ४ गाठी, मणी, ४ गाठी, पिको, ५ गाठी, बंद. तिसरी आणि चौथी अशीच. पाचवीत दुसऱ्या पिकोच्या जागी पहिल्या पाकळीच्या पहिल्या पिकोला जोड घ्यायचा. हा शेवटचा जोड नुसता ओढून घेतला तर पिकोला पीळ पडतो आणि तेवढा एक सांधा वाकडा दिसतो. म्हणून फूल मधोमध दुमडा, पहिल्या पाकळीची उलटी बाजू आपल्याकडे आणा, मग तिच्या पिकोतून दोरा ओढा आणि फूल उघडून पाहा. सरळ आलं तर पुढच्या ५ गाठी घालून बंद करा. दोन्ही टोकं मागे गाठ मारून ठेवा आणि कापू नका, दोन्ही किमान २० सेंटिमीटर ठेवा. ती पुढे लागणार आहेत. फूल साधारण रुपयाच्या नाण्याच्या आसपास होतं.

मोठा थर हवा असेल तर सहा पाकळ्या: ७, पिको, ६, मणी, ६, पिको, ७. इथे टोकाला एकाऐवजी तीन मणी एकत्र बसवले तर झुबक्यासारखे छान दिसतात, म्हणजे १८ मणी ओवायचे आणि सांध्यांवरचे ६ सुईनं. दोरा साडेतीन-चार मीटर धरा. लहान फूल मोठ्यावर ठेवून मधून टिपका घातला की झालं. जोडाचे पिको आखूड ठेवलेत तर फूल वाटीसारखं आत वळतं, लांब ठेवलेत तर सपाट पसरतं. अंबाड्याला मला किंचित वळलेलंच आवडतं; सपाट फूल लांबून बटणासारखं दिसतं.

हात बसलेल्या बाईलाही दोन थरांचं एक फूल आकड्यावर बसवण्यासकट तास-दीड तास घेतं. म्हणून डझनभरच्या डझनभर मोठी करायचा हट्ट नको. चार मोठी आणि आठ छोटी केलीत तर अंबाडा भरतो आणि मोठी उठूनही दिसतात.

रिंग बंद होण्याबद्दल अजून दोन शब्द. मणी बरोबर जागी असूनही रिंग अडली, तर एखादी अर्धी गाठ उलटलेली नसते. ती शटलच्याच दोऱ्याची राहिलेली असते आणि कुलूप घालून बसते. म्हणून दर चार-पाच गाठींनंतर पोटातला दोरा थोडा मागे-पुढे ओढून पाहायचा. मण्यानंतरची पहिली गाठ हमखास दगा देते, कारण मणी सांभाळताना डावा हात ताठ होतो. शटलचा दोरा ताणलेला आणि डाव्या हातावरचा सैल, हे त्या एका गाठीला मुद्दाम मनात म्हणून करा. आणि बंद झालेली रिंग उघडायचीच झाली तर कात्री घेऊ नका. पिकोपाशी, जिथे दोन गाठींत फट आहे तिथे, दोन्ही बाजूंच्या गाठी नखांनी फाकवा. पोटातला दोरा दिसतो, तो टाचणीनं हळूहळू आत ओढून घ्या.

ताठ करण्याचे उपाय सगळ्यांना माहीत असतात आणि निम्मे चुकीचे असतात. साखरेचं पाणी नको. पावसाळ्यात चिकट होतं आणि डब्यात मुंग्या येतात. साबुदाण्याची खळ चांगली, पण घामानं मऊ पडते. लग्नात पाच-सहा तास पंख्याखाली आणि होमाजवळ बसायचं असेल तर एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी, आणि बारीक ब्रशनं फक्त मागच्या बाजूला. पुढून लावलं तर मणी धुरकट दिसतात. थर्माकोलवर प्लॅस्टिक पसरून फूल त्यावर उलटं ठेवा, पाकळ्या बोटांनी नीट करा, न गंजणाऱ्या टाचण्यांनी धरा आणि रात्रभर राहू द्या. आकड्यावर बसवायचं ते हे झाल्यावर.

आता दुसरं टोक. आकडा गुळगुळीत असतो, दोरा मऊ असतो, आणि दोघांच्या मधे गोंद टिकत नाही. गरम ग्लूचा गोळा पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण धातूवरून तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि तोवर पाकळीच्या जाळीत शिरून मागची बाजू खराब करून ठेवतो. फूल तारेनंच धरायला हवं. २८ गेजची तांब्याची, लाख चढवलेली तार घ्या, साधारण ०.३ मिलिमीटरची. लोखंडी तार घामानं गंजते आणि पांढऱ्या दोऱ्यावर तांबूस डाग सोडते. आकडेही रंग उडालेले नकोत, तोच डाग तिथूनही येतो.

२५ सेंटिमीटर तार कापा. मधोमध टिपक्याचा मणी घाला, ४ मिलिमीटरचा मोती पुरे. तारेची दोन्ही टोकं फुलाच्या मधल्या भोकातून मागे काढा. दोन थर असतील तर दोन्हींतून. मागे केसांच्या रंगाच्या फेल्टची लहानशी गोल चकती घाला, म्हणजे गाठी, फेव्हिकॉल सगळं झाकतं. चकतीच्या मागे तारेला तीन पीळ द्या, जास्त नाही, जास्त दिले तर मान लांब होते आणि फूल डोलतं.

आता आकडा. दुकानात फूल बहुधा आकड्याच्या पायांना समांतर, सपाट लावलेलं असतं. फोटोला ते बरं दिसतं. पण अंबाड्यात आकडा सरळ आत जातो, तेव्हा ते फूल आडवं होऊन केसांत तोंड खुपसतं. अंबाड्यासाठी फूल आकड्याच्या वळणावर, दांड्यावर छत्री असते तसं बसायला हवं, तोंड बाहेर, पाय मागे. कानाजवळ सपाट केसांवर लावायचं असेल तेव्हाच समांतर बसवा, आणि तेव्हा आकडा न घेता टिकटॉक क्लिप घ्या.

पीळ दिलेली तार आकड्याच्या वळणाच्या बरोबर मधे टेकवा. एक टोक डाव्या पायाकडे, एक उजव्या पायाकडे. आधी वळणाभोवती दोन्ही टोकांचा एकेक वेढा, मग प्रत्येक टोक आपापल्या पायावर वळणाच्या खाली पाच-सहा वेढे, एकाला एक चिकटून. फक्त वळणावरच गुंडाळली तर फूल गोल फिरत राहतं. दोन्ही पायांवर उतरली की फिरायला जागा राहत नाही. तारेची टोकं दोन पायांच्या मधल्या बाजूला वळवा, चपट्या तोंडाच्या पकडीनं दाबा आणि वर नेलपॉलिशचा पारदर्शक थेंब द्या. बाहेर वळवलेलं टोक केस ओढतं, आणि नवरीकडच्या बाईचे केस लग्नात ओढले गेले की तुमच्या सगळ्या मेहनतीचं नाव तेच.

आता फुलाची राखून ठेवलेली दोन टोकं काढा. तीच दोन्ही पायांवर, तारेवरून घट्ट गुंडाळायची, तार पूर्ण झाकेपर्यंत, शेवटी सुईनं दोरा वेढ्यांखालून परत काढून कापायचा. धरायचं काम तारेचं, दोऱ्यानं फक्त ती झाकायची.

फूल मान टाकण्याचं कारण बहुतेक वेळा वजन असतं. ११/० चे शंभराच्या वर मणी मिळून एक ग्रॅम होतो, म्हणजे पाकळ्यांवर कितीही सजवलंत तरी फरक पडत नाही. पण मधे ६ मिलिमीटरचा काचेचा मोती बसवलात तर तो एकटाच अशा तीसेक मण्यांएवढा भरतो, तोही सगळा पुढच्या टोकाला. मोठाच हवा असेल तर प्लॅस्टिकचा घ्या, वजन निम्म्याहून कमी. मात्र त्याचा मुलामा हेअरस्प्रेनं सोलतो, म्हणून आकडे स्प्रे मारून झाल्यावर खोचायचे. सरळ पायांचे आकडे घसरतात. नागमोडी पायांचे, सहा-सात सेंटिमीटर लांबीचे घ्या.

रंगाचं तुमचं तुम्ही ठरवाल, पण एक सांगते. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा असेल तर शुभ्र पांढरा दोरा घेऊ नका. खऱ्या मोगऱ्याशेजारी तो निळसर आणि शाळेच्या गणवेशासारखा दिसतो. मोतिया रंग घ्या. अबोलीच्या वळेसराशी मात्र पांढरा छान जातो, आणि गोव्याकडचं लग्न असेल तर अबोली रंगाच्या दोऱ्याची छोटी फुलं वळेसरात मधे मधे खोचून बघा. सोन्याचं अग्रफूल किंवा मूद असेल तर मणीही सोनेरीच हवेत असं नाही. मोत्याच्या रंगाचे घेतले तर दागिना दागिना राहतो. तुर्कस्तानात बायका डोक्यावरच्या रुमालांना शटलची आणि मण्यांची लेस करतात, त्यांच्यात एका रुमालावर चार-पाच रंग बिनदिक्कत असतात. आपल्याकडे पैठणीच्या काठातला एक रंग उचलून तेवढाच मण्यांत घेतला तरी पुरतं.

खोचताना आकडा आधी केसांच्या उलट दिशेनं, अंबाड्याच्या कडेनं आत घालायचा आणि मग फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे सरकवायचा. फूल धरून ढकलायचं नाही, बोटं वळणाच्या मागे हवीत. काढतानाही तसंच, वळणाला धरून.

लग्नानंतर फुलांना तेल आणि कुंकू लागलेलं असतंच. शाम्पूच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं फक्त वरून पुसा, बुडवून ठेवू नका, नाहीतर फेव्हिकॉल पांढरा होऊन सुटतो. टॉवेलवर उलटी ठेवून पंख्याखाली वाळवा. फूल मऊ पडलेलं वाटलं तर मागून परत एक हात द्या. एखाद्या पाकळीचा मणी फुटला तर फूल उसवायची गरज नाही: फुटलेले तुकडे काढा, बारीक सुईत त्याच रंगाचा एकेरी शिवणाचा दोरा घ्या आणि मोकळ्या पिकोवर नवा मणी टाचून टाका. पुढून पाहणाऱ्याला कळत नाही.